घरच्या घरी नाताळ आणि उरलेलं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. गावात ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी, चर्च तालुक्याला. डिसेंबर म्हणजे कापसाची वेचणी, तुरीला भरलेल्या शेंगा आणि रात्रीच्या लाइनीवर, म्हणजे विजेवर, गव्हाला पाणी. अशा दिवसांत मोठा थाट जमत नाही, म्हणून आमचा नाताळ बरीच वर्षं घरातल्या घरात होतो. नात्यात नव्यानं लग्न होऊन आलेल्या मुली, शहरात राहणारी भाचरं आणि शेजारच्या बाया दर डिसेंबरला जवळपास तेच प्रश्न विचारतात. ते सगळे इथे एका जागी लिहिले आहेत. जास्तीत जास्त प्रश्न उरलेल्या जेवणाचे आहेत. मोठा दिवस एकच असतो आणि त्याचं जेवण पुढे तीन दिवस पुरतं.

घरात चार-पाचच माणसं असतील तर नाताळ नाताळासारखा वाटतो का?

वाटतो, पण दिवसाची घडी आधी बसवावी लागते. नाहीतर सकाळी मटण, दुपारी झोप आणि संध्याकाळी टीव्ही, एवढ्यात दिवस सरतो आणि रात्री काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

आमच्याकडे चोवीसच्या संध्याकाळी बांबूच्या कामट्या आणि घोटीव कागदाचा तारा ओसरीवर लावतात, आत बल्ब सोडतात. जनावरं बांधून झाली, धारा काढून झाल्या की सगळे ओसरीवर बसतात. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट, वाचायचा मान घरातल्या सगळ्यांत लहान, पण वाचता येणाऱ्या लेकराचा. त्या अध्यायातली गव्हाण शहरातल्या मुलांना समजावून सांगावी लागते. आमच्या लेकरांनी ती गोठ्यात रोज पाहिलेली असते. तिथला कडब्याचा वास, बैलाचा गरम श्वास, रात्री गोठ्यात असते ती ऊब त्यांना ठाऊक असते. धाकटीनं एकदा वाचता वाचता थांबून विचारलं होतं, "आई, तिथं थंडी वाजली असंल ना बाळाले?" मग तिनंच स्वतःची शाल गव्हाणीच्या काठावर नेऊन टाकली. तेव्हापासून चोवीसच्या रात्री आमच्या गोठ्यात एक शाल असते.

पंचवीसला सकाळी ज्यांना जमेल ते तालुक्याला उपासनेला जातात. दुपारी एकच मोठं जेवण. संध्याकाळी शेजारी ताटं जातात. एवढ्यात दिवस भरतो.

चर्चला जाणं जमत नसेल तर घरी उपासना कशी करायची?

एक वाचन, दोन गाणी, प्रार्थना आणि थोडा वेळ शांत बसणं. ढोलकी असेल तर उत्तम, नसेल तर टाळ्या. म्हाताऱ्या माणसांना एखादं जुनं भजन पाठ असतं, ते त्यांच्याकडून म्हणवून घ्या. आमच्या सासूबाईंना पाठ असलेली दोन भजनं मला कुठल्याच छापील पुस्तकात सापडली नाहीत, म्हणून मी ती वहीत उतरवून ठेवली आहेत. तुमच्या घरातही असं काही असेल तर याच नाताळात लिहून घ्या.

विदर्भात नाताळ कधीपासून? शाळेतली मुलं विचारतात.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज 'नाताल'वरून आला, म्हणजे तो कोकण-गोव्याच्या वाटेनं मराठीत शिरला. आपल्या भागातली वाट वेगळी आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपूरला आले. त्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज १८८३चं. पुढे वऱ्हाडात आणि यवतमाळकडे वेगवेगळ्या मिशनांनी दवाखाने, शाळा, वसतिगृहं काढली. युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिकवणारी संस्था, १९८३ साली पुण्याला गेली, त्याआधी ती यवतमाळलाच होती. उत्तर भारतातल्या अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेही नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे. हा सण आपल्याकडे काल-परवा आलेला नाही.

खेड्यात ख्रिसमसचं झाड कुठून आणायचं?

शेतातून. वेचणी संपत आलेली एखादी उंच, फांद्या पसरलेली पऱ्हाटी उपटून आणा, मातीच्या बादलीत रोवा. फुटलेली दोन-चार बोंडं तशीच राहू द्या. दुकानातून आणलेल्या झाडावर लोक कापूस चिकटवतात, आपल्या झाडावर तो उगवलेला असतो. त्यावर बोरं दोऱ्यात ओवून, वाळलेल्या संत्र्याच्या चकत्या, लेकरांनी कापलेले कागदी तारे.

एक काळजी घ्या. न फुटलेली, किडकी बोंडं आधीच तोडून टाका. त्यांत गुलाबी बोंडअळी असू शकते. नाताळ झाला की ते झाड अंगणाच्या कोपऱ्यात महिनोन् महिने पडू देऊ नका, चुलीत घाला. शेतातल्या पऱ्हाटीलाही तेच लागू आहे. उभ्या किंवा रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांत अळी तग धरते आणि पुढच्या हंगामाच्या कापसावर येते.

पाच माणसांसाठी किती रांधायचं?

हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारला असता तर माझे बरेच कष्ट वाचले असते. हाडासकट मटण माणशी दीडशे ते दोनशे ग्रॅम धरा, म्हणजे पाच जणांना एक किलो भरपूर होतं. तांदूळ माणशी एक मूठ-दीड मूठ, वजनात पाऊणशे ते शंभर ग्रॅम. रस्सा मात्र मी मुद्दाम दुप्पट करते. पंचवीसचा जास्तीचा रस्सा म्हणजे सव्वीसची अर्धी भाजी तयार. भात कधीच जास्तीचा लावू नका. तो का, ते पुढे येईल.

रांधतानाच सव्वीसचा विचार करायचा. पंचवीसला काय उरेल आणि त्याचं काय होईल, हे चोवीसलाच ठरलं असेल तर काही नासत नाही. आमच्या सासूबाई म्हणतात, "उरलं तं उरू दे बाई, पण नासू नको देऊ."

शेजाऱ्यांच्या घरी काय द्यायचं? सगळे मटण खात नाहीत.

फराळाचं ताट सगळ्यांना चालतं. आमच्याकडे करंज्या, शंकरपाळे, चिवडा, चकल्या, अनारसे आणि तालुक्याच्या बेकरीतून भाजून आणलेली नानकटाई असते. दिवाळीत त्यांच्या घरून आलं, नाताळात आपल्या घरून जातं. केकमध्ये अंडं असतं, म्हणून तो ताटात न ठेवता वेगळ्या वाटीत देते आणि सांगून देते. माळकरी घरांसाठी फराळ आधी तळून घेते. त्या तेलात मांसाहाराचा चमचाही जात नाही. त्यांनी विचारलं नाही तरी आपण पाळायचं.

आणि हो, ताट परत येतं तेव्हा ते रिकामं येत नाही. डिसेंबरात त्यात तुरीच्या शेंगा येतात, वांगी येतात, कधी गूळ. त्यावर सव्वीसचं जेवण चालतं.

उरलेल्या मटणाचं किंवा कोंबडीचं काय करायचं?

आधी ठेवायची रीत, कारण इथेच बहुतेक चुका होतात. जेवणं झाली की दोन तासांच्या आत मटण थंड करून फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. अख्खा गंज, म्हणजे पातेलं, तसाच आत ठेवला तर मधला रस्सा तासन् तास कोमट राहतो. पसरट डब्यांत काढा, थर पातळ ठेवा. फोडी वेगळ्या, रस्सा वेगळा. असं ठेवलेलं मटण तीन दिवस चालतं. खायच्या वेळी लागेल तेवढंच काढा, खळखळून उकळा आणि उकळलेलं परत आत ठेवू नका. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तर अजिबात ठेवू नका.

आता पदार्थ.

पहिला आणि माझा सगळ्यांत आवडता: उरलेल्या रश्श्यात पाटोड्या. फोडी संपलेल्या असतात, रस्सा उरतो, तेव्हा याच्यासारखं दुसरं काही नाही. एक वाटी बेसन, पावणेदोन वाट्या पाणी, वाटलेली लसूण-मिरची, जिरं, हळद, मीठ. आधी थोड्या तेलात लसूण-मिरची परता, पाणी घालून उकळी आणा आणि बेसन एका हातानं भुरभुरवत दुसऱ्या हातानं घोटत राहा. गुठळ्या झाल्या तर सराट्यानं, म्हणजे उलथन्यानं, गंजाच्या कडेला दाबून मोडा. झाकण ठेवून वाफ आणा. गोळा गंजाची कड सोडायला लागला की तेल लावलेल्या ताटात थापा, वरून सुकं खोबरं आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. गार झाल्यावर वड्या पाडा. रस्सा खळखळ उकळू लागला की वड्या सोडा, दोन मिनिटांत उतरवा. जास्त वेळ ठेवल्या तर फुटतात. मसाला रात्रभर रश्श्यात मुरलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या दिवसाची तर्री पहिल्या दिवसापेक्षा चढती लागते. सोबत ज्वारीची भाकर आणि कांदा.

दुसरा, सोलेभात. डिसेंबरात हिरव्या तुरीच्या शेंगा दारातच असतात. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी सोले (त्या शेंगांचे ओले दाणे), दोन वाट्या मटणाचा रस्सा आणि दोन वाट्या पाणी. फोडणीत कांदा आणि सोले परतून घ्या, तांदूळ घाला, मग रस्सा-पाणी. तांदूळ नवा असेल तर पाणी अर्धी वाटी कमी. रश्श्यात मीठ असतंच, वरून घालताना हात आखडता ठेवा. उरलेल्या फोडींचं मांस हाडावरून सोडवून शेवटच्या वाफेला वर पसरा.

तिसरा, सुकं. फोडी थोड्या रश्श्यासकट पसरट कढईत मंद आचेवर ठेवा, रस आटेपर्यंत परता. शेवटी फल्लीच्या, म्हणजे भुईमुगाच्या, दाण्यांचं भरड कूट आणि लिंबू. डब्यात शेतावर न्यायला हेच बरं, सांडत नाही. मात्र सकाळी नेलेलं दुपारच्या जेवणातच संपवायचं.

कोंबडीच्या उरलेल्या फोडी असतील तर मांस सोडवून, उकडलेले आलू कुस्करून, हिरवी मिरची घालून टिक्क्या करा. लेकरं खूश असतात.

उरलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन खाल्ला तर काय होतं? आम्ही तर नेहमी खातो.

नीट ठेवलेला असेल तर काही होत नाही. पण नीट ठेवलेला बहुधा नसतो, आणि इथे मला स्वतःचीच गोष्ट सांगावी लागेल.

लग्नानंतरचा माझा दुसरा नाताळ. भात भरपूर उरला. गंजावर झाकण ठेवून मी तो चुलीशेजारी रात्रभर तसाच ठेवला. थंडीचे दिवस आहेत, काय होतंय, असं वाटलं. सकाळी कांदा-मिरचीची झणझणीत फोडणी दिली. वास छान, चव छान. दोन-तीन तासांत घरातल्या तीन माणसांना उलट्या सुरू झाल्या. त्यात माझा चार वर्षांचा पुतण्या होता. तो दिवसभर माझ्या मांडीवर पडून होता. मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत होते. ते आठवलं की आजही माझे हात गार होतात.

कारण नंतर कळलं. बॅसिलस सिरीअस नावाचा जिवाणू मातीत असतो, धान्यावर असतो. त्याचे बीजाणू भात शिजताना मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवल्यानं जात नाही, फोडणीनं तर मुळीच नाही. वासही येत नाही, म्हणून नाकावर भरवसा ठेवायचा नाही. पाच ते साठ अंश सेल्सिअस या दरम्यान असे जिवाणू जोमात वाढतात, आणि चुलीशेजारचं झाकलेलं गंज रात्रभर नेमकं याच उबेत असतं.

आता मी काय करते ते सांगते. जेवणं झाली की उरलेला भात कोपरात, म्हणजे परातीत, पातळ पसरते, तासाभराच्या आत गार करून डब्यात भरते आणि फ्रीजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी तो संपलाच पाहिजे. फोडणीचा भात करा, नाहीतर मुठे करा: दोन वाट्या भात, एक वाटी ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, मेथी किंवा हरभऱ्याची कोवळी भाजी चिरून, तीळ, तिखट, मीठ. मुठीनं वळून वाफवा, काप करून मोहरी-तिळाच्या फोडणीवर परता. रात्रभर बाहेर राहिलेला भात असेल तर मन घट्ट करून टाकून द्या. अन्न टाकायला जीव तुटतो, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच भात मोजून लावा.

आमच्याकडे फ्रीज नाही. किंवा आहे, पण लाइन जाते.

फ्रीज नसेल तर मटण उरवायचंच नाही. पाऊण किलो आणा, ताटातच संपवा, आणि उरलंच तर त्याच दुपारी गरम असताना शेजारी पोचवा. काही घरांत सकाळ-संध्याकाळ उकळी देऊन रस्सा दोन-दोन दिवस चालवतात. मी ते करत नाही आणि कुणाला करा असंही सांगणार नाही. आपल्याकडे डिसेंबरात रात्री हुडहुडी भरते खरी, पण दुपारी ऊन चांगलंच तापतं. बाहेरच्या थंडीला फ्रीज समजू नका. फ्रीज नसलेल्या घरानं नाताळाचा जोर कोरड्या फराळावर द्यावा. तो टिकतोही आणि वाटताही येतो.

लाइन गेली तर फ्रीजचं दार उघडू नका. बंद दारानं आतला थंडावा साधारण चार तास टिकतो. गच्च भरलेला मोठा फ्रीझर दोन दिवस धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. चार तासांहून जास्त वेळ लाइन नसेल तर आतलं मटण आणि भात खायच्या भानगडीत पडू नका.

वरण, पोळ्या, भरीत, सांबारवडी उरली तर?

वरणाच्या चकोल्या. कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ घालून घट्ट भिजवा, पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे काप करा. वरणात पाणी घालून उकळा, काप एकेक करून सोडा, दहा-बारा मिनिटं शिजू द्या. वरून लसणाची लाल फोडणी.

पोळ्यांचा कुस्करा सगळ्यांना येतो. गूळ-तुपाचा मलिदा केला तर लेकरं तेवढ्यासाठीच पोळ्या मागून उरवतात. वांग्याच्या भरतात ज्वारीचं पीठ आणि थोडं बेसन मळून धपाटे थापा, पाणी लागत नाही. सांबारवडी मऊ पडली असेल तर काप करून तव्यावर कोरडी शेका आणि गरम कढीत ताटातच सोडा. कढईत सोडली तर आवरण सुटतं आणि सारण कढीभर होतं.

केक कोरडा पडला. फेकायचा का?

मुळीच नाही. जाड काप करून तव्यावर तुपात दोन्ही बाजूंनी शेका. चहाबरोबर ताज्या केकपेक्षाही बरा लागतो, असं आमच्या घराचं मत आहे.

दुसरं, थरांचं गोड. काचेच्या भांड्यात केकचा चुरा, त्यावर दाट आटवलेलं गार दूध किंवा कस्टर्ड. आपल्याकडे डिसेंबरात संत्री असतात, त्यांच्या फाकी पातळ पापुद्रा आणि बी काढून वर ठेवा. पण संत्र अगदी खायच्या वेळीच घाला. आधी घातलं तर आंबट रसानं दूध फाटतं आणि तासाभरात कडवट चव उतरते.

पुढच्या वेळी केक घरीच करायचा असेल तर ओव्हनची गरज नाही. जाड बुडाच्या गंजात दोन बोटं जाडं मीठ किंवा स्वच्छ वाळू पसरा, झाकून दहा मिनिटं तापवा, आत तिवईवर केकचं भांडं ठेवा, वर घट्ट झाकण. चुलीतली लाकडं ओढून फक्त निखारे ठेवायचे. रव्याचा केक पाऊण तासात होतो. सुरी घालून पाहा, कोरडी निघाली की झाला.

संत्र्यांच्या सालांचं काही करता येतं का?

सहा संत्र्यांची सालं घ्या, आतला पांढरा गर सुरीनं खरवडा, बारीक लांब काप करा. पाण्यात दहा मिनिटं उकळून ते पाणी ओता. असं तीनदा. कडूपणा त्या पाण्याबरोबर जातो. मग सालांच्या वजनाइतकी साखर आणि बुडापुरतं पाणी घालून मंद आचेवर पाक आटेपर्यंत शिजवा, ताटात पसरून दोन-तीन दिवस वाळवा. पुढच्या केकसाठी बरणी तयार.

उरलेलं अन्न गाई-बैलांना, कुत्र्याला घातलं तर चालतं ना?

कृपा करून हे नीट वाचा. एखादी पोळी, मूठभर भात, ठीक. पण टोपलीभर भात, पोळ्या, पुऱ्या एकदम घातल्या तर जनावराच्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, पोट फुगतं आणि जनावर बसकण मारतं. लग्नाच्या पंगतीनंतर उरलेलं अन्न खाऊन गाई दगावल्याचं खेड्यात अनेकांनी पाहिलं असेल. असं झालं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, लगेच पशुवैद्यकाला बोलवा. मटणाचा रस्सा लागलेलं काहीही गुरांपुढे जाता कामा नये.

कुत्र्याला कोंबडीची शिजलेली हाडं देऊ नका. ती टोकदार तुकड्यांत फुटतात आणि घशात, आतड्यात रुततात. मनुका घातलेला केक, चॉकलेट आणि कांद्याचा रस्साही त्याला बाधतो.

घरात यंदा दुःख झालं आहे. नाताळ करावा का?

मामंजी गेले ते सप्टेंबरात. त्या डिसेंबरात कढई चढवायची इच्छा कुणालाच नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "तळण नको करू यंदा." आम्ही तळण केलं नाही. तारा मात्र लावला, कारण दरवर्षी कामट्या बांधायचे ते मामंजीच, आणि त्यांनी आदल्या वर्षीचा सांगाडा माळ्यावर जपून ठेवलेला सापडला. कागद नवा चिकटवला. चोवीसला अध्याय वाचला, भजन एकच म्हटलं.

पंचवीसला दुपारी शेजारच्या काकू दोन डबे घेऊन आल्या. एकात पुरणाची पोळी, एकात वरण-भात. सण आहे आणि यांच्या घरी चूल पेटणार नाही, एवढं त्यांच्या लक्षात होतं. आम्ही सगळे त्याच डब्यांवर जेवलो. संध्याकाळपर्यंत आणखी तीन घरांतून काही ना काही आलं. त्या वर्षी आमच्या घरातलं सगळं उरलेलं दुसऱ्यांच्या चुलीवरचं होतं.

म्हणून माझं उत्तर असं: जेवढं झेपेल तेवढं करा. कुणी डबा आणला तर नको म्हणू नका. आणि तुमच्या गल्लीत असं घर असेल तर पहिला डबा तुमचा जाऊ द्या.

मुलं पुण्याला, नागपूरला आहेत, येऊ शकत नाहीत. काय पाठवता येईल?

करंज्या, शंकरपाळे, चिवडा, नानकटाई, साखरेतली सालं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आत वाफ धरली तर दुसऱ्याच दिवशी मऊ पडतात. ओल्या नारळाच्या सारणाच्या करंज्या पाठवू नका, सुक्या खोबऱ्याच्या टिकतात. वरची जागा मुरमुऱ्यांनी गच्च भरा म्हणजे काही फुटत नाही, आणि मुरमुऱ्यांचा तिकडे चिवडा होतो. डबा वीस तारखेपर्यंत निघाला पाहिजे. पंचवीसला फोन लावून दोन्हीकडे एकाच वेळी डबा उघडायचा, ही आमच्या मोठ्या मुलीनं घातलेली रीत आहे.

शिळं खाऊ नये असं घरातली मोठी माणसं म्हणतात. त्यांचं ऐकायचं का?

त्यांना ताजं द्या. म्हाताऱ्या माणसांना, गरोदर बाईला, दोन-तीन वर्षांच्या लेकराला आदल्या दिवसाचं मटण-भात मीही देत नाही. त्यांच्यासाठी वाटीभर खिचडी वेगळी लावायला वीस मिनिटं लागतात. बाकीच्यांनी नीट ठेवलेलं, नीट उकळलेलं बिनधास्त खावं.

मऊ पडलेला फराळ पुन्हा खुसखुशीत होतो का?

चिवडा आणि शंकरपाळे होतात. जाड कढईत मंद आचेवर कोरडेच हलवत राहा, गार झाल्यावरच डब्यात. करंजीचं तसं होत नाही, ती तव्यावर झाकून दोन्हीकडून शेका. मोडक्या चकल्या कांदा, भेदरं (टोमॅटो), सांबार आणि लिंबू घालून भेळेसारख्या खा. तेलाचा खवट वास येत असेल तर मात्र काही करू नका, ते गेलं.

१ जानेवारीला सगळ्या डब्यांच्या तळाशी चुराच उरतो. त्याचं काय?

एकतीसच्या रात्रीची उपासना आटोपली की दुसऱ्या दिवशी सासूबाई सगळे गोड डबे ओसरीवर मागवतात. शंकरपाळ्यांचा चुरा, करंजीतून सांडलेलं सारण, नानकटाईचे तुकडे, अनारशाची खसखस, सगळं एका कोपरात. तिखटाचे डबे वेगळे, त्यांचा चुरा त्याच दिवशी पोह्यांवर जातो. गोड चुरा सासूबाई तव्यावर हलका भाजतात, पाट्यावर एकदा फिरवतात, त्यात फल्लीचं कूट, किसलेला गूळ आणि बांधण्यापुरतं गरम तूप. साधारण चार वाट्या चुऱ्याला अर्धी वाटी गूळ पुरतो, कारण फराळ आधीच गोड असतो. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच वळायचे, गार झालं की बांधले जात नाहीत.

लाडू लहान वळतात. आधी गल्लीतली घरं मोजतात, मग घरातली माणसं. गेल्या वर्षी सतरा लाडू झाले. गल्लीत अकरा घरं, घरात आम्ही पाच. उरलेला एक त्यांनी पदरात बांधला आणि कापूस वेचायला निघालेल्या बाईच्या पोरीला वाटेत दिला.